चकरी फिरतच राहते, लॉगमध्ये काहीच नाही: मिडलवेअरमध्ये अडकलेली रिक्वेस्ट कशी शोधायची

बटण दाबलं, चकरी फिरायला लागली आणि फिरतच राहिली. मिनिटभरानं ५०४, म्हणजे 'वेळेत उत्तर आलं नाही' हा एरर. अ‍ॅपच्या एररच्या लॉगमध्ये एक ओळ नाही. डेटाबेस बघितला तर क्वेरी तिथपर्यंत आलेलीच नाही. पुन्हा तेच बटण दाबलं तर कधी काम होतं, कधी होत नाही.

हा दोष माझ्याकडे दर हंगामात येतो. जळगाव-जामनेर पट्ट्यातल्या जिनिंगांसाठी (कापसातून सरकी वेगळी करणारे कारखाने) गाड्यांच्या नोंदीचं एक वेब अ‍ॅप आम्ही सांभाळतो. नोड जेएस (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणारं), त्यावर एक्सप्रेस हे वेब फ्रेमवर्क आणि पुढे एन्जिनएक्स, म्हणजे ब्राउझर आणि अ‍ॅपच्या मध्ये बसणारा सर्व्हर, एवढीच मांडणी. दसरा-दिवाळी झाली, कापसाची आवक वाढली की पहाटेपासून गेटबाहेर ट्रॅक्टरांची रांग लागते, आणि नेमका तेव्हाच फोन येतो: "भाऊ, चकरी फिरीच राहिनी!" तिकडे पावती निघेपर्यंत गाडी काट्यावरून हलत नाही आणि मागच्या पंधरा ट्रॉल्या खोळंबतात. पहाटे तीनला घरून निघालेला शेतकरी थंडीत ट्रॉलीवर बसून असतो. त्यामुळे 'पेज रिफ्रेश करून बघा' हे उत्तर मला कधीच पटलं नाही. एकदा बसून याचा माग काढायलाच हवा होता.

आमच्याकडे नवीन आलेली मुलं अशा वेळी सगळ्यात आधी राउट हँडलर, म्हणजे रिक्वेस्टचं खरं काम करणारं फंक्शन, उघडतात. 'गाडी नोंदवा' हे फंक्शन वरून खाली तीनदा वाचतात आणि सांगतात, यात काही चूक दिसत नाही. बरोबरच आहे त्यांचं. चूक तिथं नसतेच, कारण रिक्वेस्ट तिथं पोचलेलीच नसते. ती वाटेतच, मिडलवेअरमध्ये अडकलेली असते.

जिनिंगमध्ये भरलेली गाडी कशी जाते ते ज्यानं पाहिलंय त्याला मिडलवेअर वेगळं शिकवावं लागत नाही. गेटवर नाव आणि गाडी नंबर लिहून घेतात. मग काट्यावर भरलं वजन. मग ओलाव्याचं मीटर कापसात खुपसून बघतात. मग ग्रेडर मूठभर कापूस ओढून धागा बघतो आणि भाव ठरतो. एवढं झालं की गाडी ढिगाकडे जाऊन रिकामी होते. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक माणूस उभा आहे आणि त्याच्या हातात दोनच गोष्टी आहेत: गाडी पुढे सोडायची, नाहीतर कारण सांगून परत पाठवायची. मिडलवेअर फंक्शन म्हणजे असाच एक माणूस. त्याच्याकडे रिक्वेस्ट येते, रिस्पॉन्सचा कोरा कागद येतो आणि 'नेक्स्ट' नावाचं फंक्शन येतं. त्यानं नेक्स्ट बोलवलं तर रिक्वेस्ट पुढच्या माणसाकडे जाते. रिस्पॉन्स पाठवला तर प्रवास तिथंच संपतो. हे सगळे ओळीनं उभे असतात, आणि ही ओळ म्हणजे तुम्ही कोडमध्ये 'अ‍ॅप डॉट यूज' ज्या क्रमानं लिहिलं तो क्रम.

आता समजा ओलावावाल्यानं गाडी पुढेही सोडली नाही आणि परतही पाठवली नाही. तो नुसता उभा राहिला. गाडीवाल्याला काय दिसेल? काहीच नाही, तो थांबून राहील. ब्राउझरमधली चकरी हीच. एक्सप्रेस स्वतःहून 'इतका वेळ का लागला' असं विचारत नाही. एन्जिनएक्स मात्र सांगून न ठेवल्यास ६० सेकंद वाट बघतो आणि ५०४ देऊन मोकळा होतो. म्हणून मिनिटभरानं ५०४, म्हणून लॉग कोरा. कोणी चूक केली असती तर लॉगमध्ये आली असती. इथं तर कोणी काहीच केलेलं नाही.

तेव्हा पहिलं काम हे, की गाडी कुठल्या माणसापाशी थांबली ते ठरवणं. त्यासाठी सगळ्यांच्या आधी, अगदी गेटवर, एक छोटं मिडलवेअर बसवा. त्यानं प्रत्येक रिक्वेस्टला एक नंबर द्यायचा, 'आत आली' अशी ओळ लिहायची, पत्ता आणि वेळ टाकायची आणि नेक्स्ट बोलवायचं. पुढच्या प्रत्येक मिडलवेअरच्या सुरुवातीला त्याच नंबरानं आपलं नाव लिहायला लावा: 'कॉर्स' (दुसऱ्या पत्त्यावरच्या पानाला परवानगी देणारं), 'बॉडी' (पाठवलेली माहिती वाचणारं), 'ओळख' (लॉगिन तपासणारं), 'ओलावा'. रिक्वेस्ट अडकली की त्या नंबराच्या ओळी काढायच्या. शेवटचं नाव ज्याचं, तोच बसून राहिला.

'बाहेर गेली' ही ओळ लिहिताना बरेच जण फसतात. गाडी रिकामी झाल्यावर परत त्याच काट्यावर येते आणि रिकामं वजन होतं, तसं एक्सप्रेसमध्ये आपोआप होत नाही. जँगो, लाराव्हेल किंवा कोआमध्ये रिस्पॉन्स खरोखरच त्याच माणसांमधून उलट्या क्रमानं बाहेर येतो, तिथं काट्याची उपमा शेवटपर्यंत चालते. एक्सप्रेसमध्ये नेक्स्टच्या खाली लिहिलेली ओळ पुढची असिंक कामं (ज्यांचं उत्तर नंतर येतं ती) संपायच्या आत चालून जाते. आमच्या एका मुलानं तिथं वेळ मोजला होता. प्रत्येक रिक्वेस्ट दोन मिलिसेकंदांची दिसायची आणि आम्ही दोन दिवस 'सर्व्हर तर वेगवान आहे' असं म्हणत बसलो. रिस्पॉन्सच्या 'फिनिश' इव्हेंटवर ओळ लिहा. शिवाय 'क्लोज'वरही लिहा. फिनिश न होता क्लोज आलं तर समजायचं, आपण उत्तर दिलंच नाही, समोरचाच कंटाळून निघून गेला. एन्जिनएक्सच्या अ‍ॅक्सेस लॉगमध्ये ४९९ दिसला तर त्याचा अर्थ असा, की मिनिट पूर्ण व्हायच्या आत माणसानंच पान बंद केलं. ४९९ आणि ५०४ दोन्ही मोजा, म्हणजे किती लोक खरोखर खोळंबले ते कळेल.

आता आमच्याकडे नेमका सापडलेला दोष सांगतो, कारण तो मराठीत काम करणाऱ्या कुठल्याही अ‍ॅपमध्ये असू शकतो.

ओळी काढल्या तर प्रत्येक अडकलेल्या रिक्वेस्टमध्ये शेवटचं नाव 'ओलावा' होतं. कोड अगदी सरळ होता. फॉर्ममधून आलेला ओलावा पार्सफ्लोटनं आकड्यात बदलायचा. १२ किंवा त्याहून कमी असला तर नेक्स्ट. १२ पेक्षा जास्त असला तर 'ओलावा जास्त आहे' असा रिस्पॉन्स. वाचताना वाटतं, तिसरी शक्यताच नाही. आकडा एकतर १२ पर्यंत असेल, नाहीतर १२ च्या वर. पण ते तो आकडा असला तर. तो आकडाच नसला, म्हणजे पार्सफ्लोटनं 'नॅन' दिला, तर जावास्क्रिप्टमध्ये नॅनची कुठलीही लहान-मोठी तुलना खोटी ठरते. पहिली अट खोटी, दुसरीही खोटी. फंक्शन संपलं. ना नेक्स्ट, ना रिस्पॉन्स.

मग नॅन येत कुठून होता? दोन दिवसांच्या अडकलेल्या रिक्वेस्टचा डेटा समोर ठेवला. काही ठिकाणी चौकट रिकामी होती, मीटरचे सेल उतरले म्हणून मुनिमानं ती तशीच सोडली होती. ते समजण्यासारखं होतं. बाकीच्यांमध्ये मात्र आकडा भरलेला होता, '९.५', '११', आणि तो नीट वाचता येत होता. मी तो स्क्रीनवर बराच वेळ बघत राहिलो आणि मग लक्षात आलं की तो मराठी आकडा आहे. संध्याकाळच्या पाळीचा मुनीम मोबाइलवर कायम मराठी कीबोर्ड ठेवतो, कारण शेतकऱ्याचं नाव आणि गाव त्याला मराठीतच लिहायचं असतं. नाव लिहून झालं की कीबोर्ड न बदलता तो ओलावा टाकायचा. आपल्याला ११ दिसतात, पार्सफ्लोटला ती दोन अनोळखी अक्षरं दिसतात. सकाळच्या पाळीचा मुनीम इंग्रजी कीबोर्डवर काम करायचा, त्याला कधीच त्रास झाला नाही. 'कधी होतं, कधी होत नाही' याचं उत्तर एवढंच होतं.

मुनीम काही चुकत नव्हता. मराठीत चालणाऱ्या कामात मराठी आकडा टाकणं हा त्याचा हक्क आहे. चूक आमची. युनिकोडमध्ये देवनागरी शून्य ते नऊ सलग दहा जागांवर आहेत, त्यामुळे प्रत्येक अक्षराच्या कोडमधून शून्याचा कोड वजा केला की आकडा हातात येतो. बॉडी वाचून झाल्यावर लगेच हे रूपांतर करणारं एक छोटं मिडलवेअर आम्ही बसवलं, फक्त वजन, ओलावा, भाव आणि मोबाइल नंबर या चौकटींपुरतं. नाव-पत्त्याला हात लावायचा नाही. रेगेक्समधला (मजकुराचा साचा तपासणाऱ्या नियमातला) 'बॅकस्लॅश डी', म्हणजे 'कुठलाही आकडा', मराठी आकडे ओळखत नाही, हेही तेव्हाच सुधारलं. मोबाइल नंबर 'अवैध' ठरण्याच्या जुन्या तक्रारी त्यामुळेच होत्या. फॉर्ममध्ये इनपुटमोड डेसिमल देऊन आकड्यांचा कीपॅड उघडता येतो, तेही करा, पण फक्त त्यावर विसंबू नका.

ओलाव्याच्या मिडलवेअरमध्ये बदल एका ओळीचा होता. सुरुवातीलाच 'आकडा नसेल तर ४२२ (माहिती चुकीची) पाठव, रिटर्न' असं लिहिलं. पण त्यातून एक सवय लागली. मिडलवेअर वाचताना मी आता प्रत्येक इफला विचारतो: हा इफ खोटा ठरला तर रिक्वेस्टचं काय होतं? अटींच्या साखळीच्या शेवटी बिनअटीचा एल्स नसेल तर कोड परत पाठवतो.

असिंक मिडलवेअरमध्ये लटकण्याचं आणखी एक कारण असतं. एक्सप्रेस ४ मध्ये असिंक फंक्शनच्या आत अवेट फसलं, समजा डेटाबेसचं कनेक्शन तुटलं, तर ती चूक एक्सप्रेसला कळतच नाही. नोडच्या जुन्या आवृत्त्यांत नुसती ताकीद छापली जायची आणि रिक्वेस्ट लटकायची. नोड १५ पासून न पकडलेल्या अशा चुकीनं अख्खी प्रोसेसच बंद पडते, आणि मग एकाच्या चुकीनं रांगेतल्या सगळ्यांना ५०२ (मागचं अ‍ॅपच बंद) दिसतो. ट्राय-कॅच लावून चूक नेक्स्टच्या हातात द्या. एक्सप्रेस ५ २०२४ मध्ये आलं, त्यात हे काम आपोआप होतं. नवं अ‍ॅप सुरू करत असाल तर तेच घ्या.

याच्या उलट दोष म्हणजे दोन्ही करणं: रिस्पॉन्सही पाठवायचा आणि नेक्स्टही बोलवायचं. तेव्हा लॉगमध्ये 'कॅनॉट सेट हेडर्स आफ्टर दे आर सेंट टू द क्लायंट' दिसतं. दहातल्या नऊ वेळा कारण एकच, रिस्पॉन्स पाठवणाऱ्या ओळीआधी रिटर्न राहिलेला असतो. ही चूक निदान ओरडून सांगते, त्यामुळे तिची मला फारशी भीती वाटत नाही.

क्रमाचे दोष जास्त छळतात, कारण ते भलत्याच नावानं समोर येतात. सगळ्यात नेहमीचा प्रसंग असा. पोस्टमनमधून (ब्राउझरशिवाय रिक्वेस्ट पाठवून बघायचं साधन) रिक्वेस्ट व्यवस्थित जाते, ब्राउझरमधून गेली की 'कॉर्स' म्हणून लाल ओळ येते. कॉर्सचं पॅकेज बसवलेलं आहे, पत्ताही बरोबर आहे. आता क्रम बघा: ओळख तपासणारं मिडलवेअर कॉर्सच्या आधी उभं असणार. फ्रंटएंड वेगळ्या पत्त्यावर असेल आणि रिक्वेस्टमध्ये ऑथरायझेशन हेडर असेल तर ब्राउझर खऱ्या रिक्वेस्टच्या आधी 'ऑप्शन्स' नावाची एक चौकशी पाठवतो. आत येऊ का, एवढंच विचारायला. त्या चौकशीसोबत टोकन, म्हणजे लॉगिन झाल्याचा पुरावा, नसतं. ओळखवाला म्हणतो, टोकन कुठाय? आणि ४०१ (ओळख पटली नाही) देऊन परत पाठवतो. ब्राउझरला परवानगीचे हेडर मिळत नाहीत, म्हणून तो कॉर्सच्या नावानं ओरडतो. पोस्टमन अशी चौकशी करतच नाही, म्हणून तिथं सगळं छान दिसतं. कॉर्स ओळखीच्या वर न्या, दोष गेला. आणि कॉर्सची लाल ओळ दिसली की लगेच कॉर्सच्या सेटिंगला हात लावू नका, आधी नेटवर्क टॅबमध्ये ऑप्शन्सचा स्टेटस बघा. आमच्याकडे एकदा याच घाईत सगळ्या पत्त्यांना मोकळीक देऊन ठेवली गेली होती, आणि दोष तरीही तसाच राहिला होता.

बॉडी रिकामी येत असेल तर दोनच गोष्टी तपासा: जेसन पार्सर (जेसन या मांडणीतली माहिती वाचणारं मिडलवेअर) राउटच्या खाली तर लिहिलेला नाही ना, आणि रिक्वेस्टचा कंटेंट-टाइप जेसनच आहे ना. कंटेंट-टाइप चुकला तर पार्सर बॉडीला हात लावत नाही आणि तक्रारही करत नाही. जुने धडे वाचून वेगळा बॉडी-पार्सर बसवायची गरज नाही, ४.१६ पासून तो एक्सप्रेसच्या आतच आहे.

काटा पावतीचा फोटो चढवताना ४१३ (बॉडी फार मोठी) येतो, त्यातही एक गुंतागुंत आहे: हा आकडा दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून येऊ शकतो. एक्सप्रेसचा जेसन पार्सर सांगून न ठेवल्यास १०० केबीपर्यंतचीच बॉडी घेतो, एन्जिनएक्स १ एमबीपर्यंत. रिक्वेस्ट आपल्या गेटवरच्या लॉगमध्ये 'आत आली' म्हणून दिसत असेल तर अडवलं पार्सरनं. दिसतच नसेल तर एन्जिनएक्सनं रस्त्यातच थांबवलं. मर्यादा वाढवत बसण्यापेक्षा फोटो जेसनमध्ये बेस६४ करून, म्हणजे अक्षरांत बदलून, पाठवणं बंद करा. त्यानं फोटो एक तृतीयांशानं फुगतो, आणि गेटवरच्या मोबाइलची रेंज आधीच कमी असते. फोटो मल्टिपार्टनं, म्हणजे फाइल आहे तशीच वेगळा भाग म्हणून, पाठवा.

चुकांचं मिडलवेअर चालतच नाही अशी तक्रार असेल तर त्याच्या कंसातली नावं मोजा. एक्सप्रेस त्याला चार आर्ग्युमेंटवरूनच ओळखतो: एरर, रिक्वेस्ट, रिस्पॉन्स, नेक्स्ट. शेवटचा नेक्स्ट वापरला नाही म्हणून लिंटर (कोडमधल्या खटकणाऱ्या गोष्टी दाखवणारं साधन) कुरकुर करतो, कोणीतरी तो पुसतो, आणि त्या क्षणापासून ते साधं मिडलवेअर होऊन बसतं. पहिली खरी चूक येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही. आम्ही त्या ओळीवर लिंटरला गप्प केलंय आणि वर टीप लिहिलीय. आणि ते सगळ्यांच्या शेवटी, राउटच्याही खाली हवं.

राहिला ४२९, 'खूप रिक्वेस्ट झाल्या, थोड्या वेळानं या'. हा फक्त गर्दीतच येतो, म्हणून ऑफिसात बसून कधीच सापडत नाही. आम्ही एका आयपीवरून मिनिटाला ६० रिक्वेस्ट अशी मर्यादा घातली होती. शांत दिवसात कोणाला जाणवली नाही. आवक वाढली त्या सकाळी मात्र पाचही ठिकाणचे मोबाइल एकदम बंद, आणि दुसऱ्या तालुक्यातल्या जिनिंगचेसुद्धा. त्यांचा तर आपसात काही संबंधच नाही. लॉगमध्ये आयपी छापून बघितला, तर प्रत्येक रिक्वेस्टसमोर १२७.०.०.१. एक्सप्रेसच्या दृष्टीनं सगळी दुनिया एन्जिनएक्समधून येते, आणि एन्जिनएक्स त्याच मशीनवर बसलेला आहे. म्हणजे ६० ची मर्यादा सगळ्या जिनिंगांना मिळून होती.

यावर 'ट्रस्ट प्रॉक्सी' ही सेटिंग आहे. एन्जिनएक्सला खरा आयपी एक्स-फॉरवर्डेड-फॉर हेडरमध्ये लिहायला सांगायचं आणि एक्सप्रेसला सांगायचं की तुझ्यापुढे एकच प्रॉक्सी (मधला सर्व्हर) आहे, म्हणजे किंमत १. बरेच जण तिथं 'ट्रू' लिहून मोकळे होतात. तसं करू नका. तो हेडर बाहेरचा माणूसही हातानं लिहून पाठवू शकतो. ट्रू केलं की त्यानं लिहिलेला आयपी आपण खरा मानतो आणि मर्यादेला अर्थ उरत नाही.

एवढ्यानंही आमचं भागलं नाही. एका जिनिंगमधले सगळे मोबाइल एकाच वायफायवर असतात, म्हणजे बाहेरून त्यांचा आयपी एकच. मोबाइल डेटावरही अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक आयपी असू शकतो. काटेवाला, ओलावावाला आणि मुनीम यांना एकमेकांच्या वाट्याची मर्यादा खावी लागत होती. म्हणून मर्यादेचे दोन भाग केले. लॉगिनच्या पत्त्यावर आयपीनुसार मर्यादा ओळख पटण्याआधीच ठेवली, कारण पासवर्डचे अंदाज बांधणारे तिथंच येतात. बाकी सगळीकडची मर्यादा ओळखीच्या मिडलवेअरनंतर नेली आणि ती वापरकर्त्याच्या आयडीवर मोजायला लावली.

बदल केल्यावर खात्री ऑफिसातून करू नका. एक फोन जिनिंगच्या वायफायवर ठेवा, दुसरा मोबाइल डेटावर, दोन्हींवरून एकेक गाडी नोंदवा आणि लॉगमध्ये दोन वेगळे आयपी आलेत का ते बघा. दुसऱ्या फोनवर कीबोर्ड मराठी असू द्या.